काटकसर कोणी करायची?

पेट्रोलचा दर चढला की घरोघरी शासनाच्या नावाने बोटे मोडली जातात. ते निराधार नाही. २०२० साली जागतिक बाजारात कच्चे तेल मातीमोल झाले, तेव्हा ती स्वस्ताई ग्राहकाच्या पदरी पडलीच नाही; मार्च व मे महिन्यांत मिळून उत्पादनशुल्क लिटरमागे १३ रुपयांनी वाढले आणि मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली.

परंतु करांविरुद्ध तावातावाने बोलणारा गृहस्थ कोपऱ्यावरून दूध आणायला मोटार बाहेर काढतो, त्याचे काय? देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते, हे तो वर्तमानपत्रात रोज वाचतो. त्याच्या टायरांतील हवा मात्र महिनोन्‌महिने तपासली जात नाही. द्रुतगती मार्गावर काटा शंभरापुढे नेताना, हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो हा शालेय धडाही त्यास आठवत नाही. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग राखा, सिग्नलला इंजिन बंद करा, ही सूचना पंपावरच्या फलकांनी वर्षानुवर्षे दिली. वाचली किती जणांनी?

मात्र संयमाचा उपदेश एकतर्फी नसावा. २०२५ मध्ये पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठले गेले. आयात घटावी आणि ऊस उत्पादकास आधार मिळावा, हा हेतू स्तुत्यच. पण लिटरभर इथेनॉलात पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. गाडी तेवढ्याच लिटरांत थोडी कमी धावणार. ही तूट दरातून वळती करून देण्यास शासनास कोणती अडचण आहे?