कढई एकच!

२०२५ च्या दिवाळीला माझा भाचा नाशिकहून आला, तोच मुळी हवेत! सातपूरला त्याचा विमानाचे सुटे भाग करण्याचा छोटासा कारखाना आहे. १७ ऑक्टोबरला ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये तेजस विमानांच्या बांधणीची नवी शाखा सुरू झाली होती. वर्षाला आठ विमाने बांधायची!

"मामा, राहते घर गहाण टाकतो, दुसरे यंत्र घेतो. माल दुप्पट!"

स्वयंपाकघरातून भाचेसून म्हणाली, "सोरे दोन आणले म्हणून चकल्या दुप्पट होतात का हो, मामा? कढई एकच ना!"

मला कळेना. मग तिनेच उलगडून सांगितले. विमानाच्या भागात केसाएवढी चूक चालत नाही. धातूच्या दाखल्यापासून सारे कागद लागतात. नव्या यंत्रावरचा पहिला नग तर एकूणएक मापे घेऊन तपासावा लागतो. आणि यांच्याकडे तपासनीस एकच! यंत्रे दोन झाली, तर माल त्याच्या टेबलापाशी तुंबायचा आणि बँकेचा हप्ता मात्र दाराशी उभा!

भाचा गप्प. शेवटी म्हणाला, "आधी दोन पोरांना तपासणी शिकवतो."

घर वाचले. आणि चकल्या? बोलण्याच्या नादात तो घाणा मात्र करपला!