कौल कशावर घ्यायचा

२१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यात एक वेगळंच मतदान झालं. उमेदवार नव्हते, पक्षांची चिन्हं नव्हती. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांतल्या शेतकऱ्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं: रिलायन्सच्या महामुंबई सेझला जमीन द्यायला तुमची तयारी आहे का? प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी उभ्या केलेल्या लढ्याच्या रेट्यामुळे सरकारला हा कौल घ्यावा लागला. शेतकऱ्यांनी ठामपणे नकार दिला. सरकारने निकाल अधिकृतपणे जाहीर करायचं टाळलं, पण तो काय आहे हे साऱ्या खारेपाटाला ठाऊक होतं. पुढे तो सेझ बारगळला.

त्याच वर्षी, जेमतेम सहा आठवड्यांनी, ४ नोव्हेंबरला अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातही एक कौल घेतला गेला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला होता आणि जूनपासून सुमारे १८ हजार जोडप्यांनी लग्नं लावली होती. नोव्हेंबरातल्या मतपत्रिकेवर प्रश्न होता, हा हक्क काढून घ्यायचा का? सुमारे ५२ टक्के मतदारांनी होकार दिला. बराक ओबामा निवडून आले तोच हा दिवस. हक्क परत मिळायला २०१३ साल उजाडलं, आणि राज्यघटनेतलं ते कलम खोडून टाकण्यासाठी २०२४ मध्ये पुन्हा मतदान घ्यावं लागलं.

लोकांना विचारलं आणि लोकांनी सांगितलं, एवढ्यापुरतं दोन्ही मतदानं सारखी दिसतात. फरक आहे तो मत देणारा कोण आणि झळ कोणाला, यात. पेणमध्ये ज्यांची जमीन जाणार होती त्यांनीच मत दिलं. कॅलिफोर्नियात ज्यांचं काहीच जाणार नव्हतं अशा लाखोंनी, ज्यांचं सगळं जाणार होतं अशा थोड्यांविषयी मत दिलं. आता कल्पना करा, सेझचा प्रश्न त्या २२ गावांना न विचारता साऱ्या महाराष्ट्राला विचारला असता तर? विकास हवा की नको, असा. नागपूरच्या, नाशिकच्या, मुंबईच्या मतदाराचं खाजणातल्या भातशेतीवर काय अडलं होतं? ही गावं बहुधा हरली असती, आणि तो निकाल लोकशाहीचा म्हणून मिरवलाही गेला असता. दारूबंदीच्या मतदानातही आपण हेच तत्त्व पाळतो. आडवी बाटली करायची की उभी, हे गावातल्या बायका ठरवतात, कारण दारूचा मार त्यांच्या पाठीवर पडतो. ज्याला झळ त्याचं मत, ही रीत रायगडच्या शेतकऱ्याला कुणी पुस्तकातून शिकवलेली नाही.

भारतात समलिंगी विवाहावर असं मतदान झालेलं नाही. आपल्या राज्यघटनेत अशा सार्वमताची सोयच नाही. मग हा विषय काढायचा कशाला, असं कुणी विचारेल. कारण मतपेटी न ठेवताच निकाल सांगायची सवय आपल्याकडे सुरू झाली आहे, आणि मला ती मतपेटीपेक्षाही घातक वाटते.

२०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे सुप्रियो विरुद्ध भारत सरकार या खटल्याची सुनावणी सुरू झाली. याचिका म्हणजे शहरी उच्चभ्रूंचे विचार आहेत, असं केंद्राने लिहून दिलं. त्याच महिन्यात बार कौन्सिल ऑफ इंडियाने ठराव करून सांगितलं की, देशातले ९९.९ टक्क्यांहून अधिक लोक अशा विवाहाच्या विरोधात आहेत. हा आकडा कुठल्या मोजणीतून आला? कुणी पेणला येऊन विचारलं होतं? रोह्याला? कायद्याचं शिक्षण घेतलेल्यांच्या शिखर संस्थेने, पुराव्यावाचून, साऱ्या देशाचं मत दशांशचिन्हासकट जाहीर करून टाकलं. केंद्राने राज्यांनाही पत्रं पाठवली. मे महिन्यात न्यायालयाला सांगण्यात आलं की, सात राज्यांची उत्तरं आली आहेत. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसामने विरोध केला होता. महाराष्ट्र हा आणखी वेळ मागणाऱ्यांत होता. खोल चर्चा हवी म्हणून वेळ मागितला असेल तर ती चर्चा व्हायला हवी होती. ती राज्याच्या कोणत्या गावात झाली?

पेण तालुक्यातल्या जोह्यासारख्या गावात लोक या विषयाकडे कसं बघतात, याचा अंदाज बांधताना मी आकडा सांगणार नाही. पण तिथली लग्नं कशी होतात हे माहीत असेल तर लोकांचा कल कशातून येतो, हे समजतं. जोहे आणि शेजारचं हमरापूर म्हणजे गणपतीच्या कारखान्यांची गावं. बारा महिने मातीत आणि रंगात हात असलेली. इथल्या आगरी समाजात लग्न हे दोन माणसांचं कधीच नसतं. हळदीला सारी भावकी लोटते, मानपान ठरलेले असतात, कुठल्या घरी आधी जायचं हे ठरलेलं असतं. धवलारीण धवले गाते आणि लग्न लावते. पुरोहिताच्या जोडीने, कधी त्याच्याशिवायही, एका बाईने लग्न लावायची ही परंपरा फार जुनी आहे. लग्नात साऱ्या गावाचे हात लागतात. तेव्हा लग्न कुणाचं व्हावं आणि कुणाशी व्हावं यावर आपला हक्क आहे, असं गावाला वाटतं. 'ज्याचं त्याने बघावं, पण गावात नको', 'आमच्यात असलं काही नसतं', 'वंश कोण चालवणार' ही वाक्यं द्वेषातूनच येतात असं मी मानत नाही. पुष्कळदा ती भीतीतून येतात. आपल्या पोराच्या हळदीला कुणी आलं नाही तर काय, ही आईची भीती अगदी खरी आहे.

पण ही भीती नेमकी कुणाची असते? त्या दोन माणसांची नव्हे, गावकीची. आणि गावकीचा निर्णय मोडणाऱ्याचं काय होतं, हे रायगडला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी वाळीत टाकल्याची प्रकरणं या जिल्ह्यातून एकामागून एक बाहेर येत होती. कुणी जातीबाहेर लग्न केलं, कुणी निवडणुकीत गावकीच्या माणसाविरुद्ध उभा राहिला, कुणाच्या जमिनीचा वाद होता. घराशी बोलणं बंद, लग्नकार्याला बोलावणं बंद, बोलणाऱ्याला दंड. तिथेही बैठक भरत होती, तिथेही हात वर होत होते. मोजणी झाली होती म्हणून तो न्याय ठरला का?

याच जिल्ह्यात त्याहून मोठा दाखला आहे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं अस्पृश्यांसह सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही त्या तळ्यावर गेले, पाणी प्यायले. मग त्याच नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपलाच ठराव मागे घेतला. एका बहुमताने दिलं, दुसऱ्या बहुमताने काढून घेतलं. त्या साली महाडात घरोघर कौल घेतला असता तर तो काय आला असता? निवाडा अखेर मुंबई उच्च न्यायालयात झाला, १९३७ च्या मार्चमध्ये. तोवर दहा वर्षं गेली. अस्पृश्यतेचं दुःख आणि समलिंगी माणसांचं दुःख एकाच तागडीत घालण्याचा माझा हेतू नाही; हजारो वर्षांच्या त्या अन्यायाला तोड नाही. पण कुणाचं माणूसपण बहुमताने ठरवू नये, हे या जिल्ह्याने एकदा फार मोठी किंमत मोजून शिकून घेतलेलं आहे.

याच्या विरुद्ध टोकाचं एक उदाहरण हटकून पुढे केलं जातं आणि ते मोहात पाडणारं आहे. आयर्लंडने २२ मे २०१५ रोजी सार्वमत घेतलं आणि ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने कौल दिला. समलिंगी संबंध १९९३ पर्यंत गुन्हा असलेला तो कॅथलिक देश. त्या वर्षी जानेवारीत तिथल्या आरोग्यमंत्र्याने रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं सांगितलं होतं. त्याचं नाव लिओ वराडकर. त्याच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१७ मध्ये तो आयर्लंडचा पंतप्रधान झाला आणि २०१९ च्या डिसेंबरात वराडला आला, तेव्हा गावाने त्याचं कौतुकाने स्वागत केलं. कोकणातल्या गावाला असा माणूस आपला म्हणता येतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. तो पंतप्रधान नसता, गावातच वाढलेला एखादा साधा सुतार असता तर काय झालं असतं, हा प्रश्नही तिथेच उभा राहतो.

आयर्लंडकडे बोट दाखवून 'आपणही लोकांनाच विचारू' म्हणणारे दोन गोष्टी विसरतात. तिथली राज्यघटना बदलायची तर सार्वमताशिवाय मार्गच नाही. त्यांनी तो हौसेने निवडलेला नव्हता. दुसरी गोष्ट, मतदानाआधी तिथे काय काय झालं ती. ६६ साधे नागरिक, ३३ लोकप्रतिनिधी आणि एक अध्यक्ष अशी शंभर जणांची परिषद बसली, तिने तज्ज्ञांना ऐकलं, समलिंगी माणसांना ऐकलं, विरोधकांना ऐकलं आणि २०१३ मध्ये शिफारस केली. मग महिनोन्महिने मुलगे-मुली आपल्याच आजी-आजोबांशी बोलत राहिले, लोक दारोदार गेले. ते बोलणं वगळून नुसती मतपेटी आणली की काय होतं, हे बाकीच्या देशांनी दाखवलं आहे. क्रोएशियाने २०१३ मध्ये सुमारे दोन तृतीयांश मतांनी दार बंद केलं. स्लोव्हेनियाच्या संसदेने दिलेला हक्क तिथल्या सार्वमताने २०१५ मध्ये रद्द केला. तैवानचा कौल २०१८ मध्ये विरोधात गेला, तरी न्यायालयाचा आदेश होता म्हणून संसदेने पुढच्याच वर्षी कायदा केला. ऑस्ट्रेलियात २०१७ चं टपाली मतदान जिंकलं गेलं, पण ते चालू असताना तिथल्या समलिंगी तरुणांना आपल्या अस्तित्वावरची चर्चा रोज घरात, बसमध्ये, शाळेत ऐकावी लागली. जिंकल्यावरही ते महिने पुसले जात नाहीत.

आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रियो खटल्याचा निकाल आला. लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. समलिंगी जोडप्यांच्या नात्याला विवाहाखेरीज तरी कायदेशीर मान्यता द्यावी, यावर न्या. चंद्रचूड आणि न्या. कौल अल्पमतात राहिले. बहुमताने हे काम संसदेकडे सोपवलं. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. संसदेत काय होतं? सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीसाठी मांडलेलं खासगी विधेयक तसंच राहिलं. न्यायालय म्हणतं संसद, संसद म्हणते समाज, आणि समाज म्हणजे अखेर कोण? जोह्यातल्या दोन तरुणांसाठी समाज म्हणजे गावकी. दिल्लीत कुणी निर्णय घेत नाही तेव्हा तो निर्णय गावकीच्या बैठकीत, भावकीच्या ओसरीवर होतो. मला धास्ती वाटते ती याची.

आणि ही पायवाट एकट्या समलिंगी जोडप्यांपाशी थांबणार नाही. नाशिक जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीने, आई-वडिलांच्या संमतीवाचून प्रेमविवाहाची नोंद होऊ नये, असा ठराव केला. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करू पाहणाऱ्याची नोटीस आजही तीस दिवस फलकावर लागते आणि ती आंतरधर्मीय जोडप्यांच्या गावापर्यंत पोचतेच. दोन सज्ञान माणसांच्या लग्नावर गावाचा कौल चालतो, हे एकदा एका जोडप्याबाबत मान्य केलं की पुढच्या जोडप्याची जात विचारली जाईल, मग धर्म, मग हुंडा ठरला होता का ते. गावाने काही ठरवूच नये, असं मात्र नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्याच्या, कुंकू पुसण्याच्या प्रथा थांबवायचा ठराव केला. त्या ठरावाने कुणाचं काही हिरावलं नाही, कुणावरचा तरी भार उतरवला. ग्रामसभेने हात वर करावेत ते असे.

'लग्नाची व्याख्या बदलली तर झळ सगळ्यांनाच बसेल' हा युक्तिवाद मी टाळणार नाही, कारण तो मनापासून केला जातो. पण झळ म्हणजे काय ते नेमकं सांगता आलं पाहिजे. शेजारच्या घरात दोन बायका एकमेकींच्या कायदेशीर जोडीदार म्हणून राहिल्या तर माझ्या सातबाऱ्यावरची एकही नोंद बदलत नाही, माझ्या लग्नाचा दाखला रद्द होत नाही. त्यांचं मात्र सगळंच अडलेलं आहे. एक वारली तर घर मृत्युपत्राशिवाय दुसरीच्या नावावर चढत नाही. वारस नोंदीला भाऊ-पुतणे उभे राहतात. ऑपरेशनच्या कागदावर सही करायला रक्ताचं नातं शोधावं लागतं. केंद्राने २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात काही पावलं उचलली: अशा जोडीदारांना एका रेशनकार्डावर धरावं, बँकेत संयुक्त खातं उघडता यावं, जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. ही पत्रकं तहसील कचेरीतल्या पुरवठा शाखेच्या टेबलापर्यंत पोचली आहेत का, हे महाराष्ट्र सरकारला उद्या सकाळी तपासता येईल. त्यासाठी कुणाच्या कौलाची गरज नाही.

कौलाची गरज नसलेली आणखी एक गोष्ट आपल्याच हातात आहे. रायगडमधल्या वाळीत प्रकरणांच्या गदारोळानंतर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा एप्रिल २०१६ मध्ये एकमुखाने केला, आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. बहिष्काराचे जे प्रकार त्यात मोजले आहेत, त्यांत नैतिकता आणि लैंगिकता यांच्या आधारे समाजातल्या माणसाशी केलेला भेदभावही आहे. म्हणजे दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया एका घरात राहतात एवढ्यावरून त्यांना कुठल्या गावकीने वाळीत टाकलं, तर त्यांच्या लग्नाला मान्यता मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. पेणच्या किंवा रोह्याच्या पोलीस ठाण्यात तक्रार आजच नोंदवता येते, आणि ती नोंदवून घेणं हे ठाणे अंमलदाराचं कर्तव्य आहे, गावातले किती जण त्या घराच्या बाजूने आहेत हे न विचारता.