दहा मेंढ्या आणि एक घोंगडं

"मास्तर, लोकरीला पाळताय का मटनाला?" आटपाडीच्या बाजारात आबांनी विचारलं. मी म्हटलं, दोन्हीला. आबा हसले नाहीत. उभा जन्म मेंढरांमागं गेलेली माणसं असल्या उत्तराला हसत नाहीत, नुसती तंबाखू मळत राहतात.

निवृत्तीनंतर दहा मेंढ्या आणि एक मेंढा, एवढाच माझा बेत होता. आमच्या माणदेशात निवड दोनच. माडग्याळी किंवा दख्खनी. माडग्याळ हे जत तालुक्यातलं गाव. तिथली मेंढी उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, नाक पोपटासारखं बाकदार. कोकरू डोळ्यांदेखत वाढतं, पण अंगावर लोकर नावालाच. दख्खनी काळी, बुटकी, काटक. अंग भरायला वेळ लावते, पण लोकर देते. हिशेबी माणसानं माडग्याळी घेतली असती. माझ्या डोक्यात आजोबांचं घोंगडं होतं. मी दख्खनी घेतली.

खरेदी आबांनीच केली. ओठ वर करून दात पाहिले, कास दाबून पाहिली, खूर उचलून नाकाशी नेला. मग व्यापाऱ्याचा आणि त्यांचा हात रुमालाखाली गेला. बोटांनी बोटं दाबली गेली आणि माझ्या पैशांचा सौदा मला न कळता झाला. मेंढा मात्र त्यांनी तिथं घेऊ दिला नाही. तो ओळखीच्या धनगराच्या वाड्यावरचा, त्याची आई बघून घेतला. "दोन वर्सांनी बदला त्याला," म्हणाले, "न्हाईतर लेकींवरच चढंल." वीस-पंचवीस मेंढ्यांना पुरणारा तो गडी माझ्याकडं दहांवर होता. म्हणजे निम्मा वेळ फुकट खात होता.

दावणीला बांधून मेंढरू जगतं, ही माझी पहिली चूक. शेळी मान वर करून झाडपाला ओरबाडते, मेंढी मान खाली घालून चालत राहते. तिला चालायला लागतंच. म्हणून तर आमच्याकडचे वाडे दिवाळीनंतर घोडी, पोरंबाळं, कोंबड्यांसकट निघतात आणि पावसाच्या तोंडावर याच कोरड्या माळावर परततात. चिखल आणि भिजलेली लोकर मेंढीला सोसत नाही. मी निवृत्त झालो होतो, ते मेंढरांना ठाऊक नव्हतं. सकाळ-संध्याकाळ मिळून चार तास मी त्यांच्यामागं चालू लागलो. रक्तातली साखर खाली आली, हा या धंद्यातला मला मिळालेला पहिला नफा.

दुसरी चूक महागात पडली. वळीव झाला, माळ हिरवा झाला, कोकरं पोटभर चरली. मी कौतुकानं बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी पहाटे दोन कोकरं ताठ पडलेली होती आणि दोन्ही कळपातली सगळ्यात गुबगुबीत. आंत्रविषार. लस पावसाळ्याआधी टोचायची असते. मी ती 'या आठवड्यात' करत मे महिना घालवला होता. या आजाराचा खोडसाळपणा असा, की तो रोडक्याला सोडतो आणि खात्यापित्याला उचलतो. नंतर डॉक्टरांनी आणखी एक कान उपटला. गाईचं खनिज मिश्रण मी मेंढ्यांना चारत होतो. त्यातलं तांबं गाईला पचतं, मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस तिला संपवतं.

फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनातल्या इवल्याशा गारोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनीत उतरवून 'नारी सुवर्णा' तयार केली आहे. ती आणावी असं मनात आलं होतं. पण जुळी पोसायला आईला दूध लागतं आणि दुधाला चारा. माझा माळ एका कोकराला कसाबसा पुरतो. मोह आवरला.

नर कोकरं विकली. व्यापारी दारात येतो, कमरेवरून हात फिरवतो आणि उक्ता भाव सांगतो. वजनकाटा काढला की त्याचा चेहरा पडतो, म्हणून मी काटा घेतला. औषधं आणि सुगीनंतरचा कडबा या पैशांतून निघाला. त्यापलीकडं चार पैसे उरले, ते लेंडीखताचे. शेजारचा डाळिंबवाला पोती मोजून नेतो आणि वर विचारतो, मेंढरं वाढवणार कधी?

आणि लोकर? मेंढरं ओढ्यात धुऊन घेतली. कातरणारा आला, डोईमागं मजुरी सांगितली. आबा सांगतात, त्यांच्या तरुणपणी लोकर दिली की कातरणी फिटायची. आता मजुरी रोख मोजायची आणि लोकर आपल्यालाच ठेवून घ्यायची. बाजारात तिला मजुरीइतकाही भाव नाही. दख्खनीची लोकर जाड, राठ. स्वेटरच्या कामाची नाहीच. वाड्यांवर काही जण कातरून तिथंच टाकून देतात. एका मेंढीची वर्षाची लोकर अर्ध्या किलोच्या आसपास आणि कातरण्या दोन. म्हणजे माझ्या कळपाची एका खेपेची लोकर अडीच किलो. त्यातून काटे, माती, लेंड्या निघाल्यावर काय राहतं ते सांगायला नको.

तरी ती लोकर पोत्यात भरून एसटीनं गेलो. खड्डामागावर अजून बसणारा एक विणकर शोधला होता. त्याच्या बायकोनं लोकर पसरली, जावळाची मऊ लोकर बाजूला काढली आणि उरलेली चिमटीत धरून ओढून पाहिली. पिंजायची, चरख्यावर कातायची, विणायची, चिंचोक्याची खळही द्यायची. तेव्हा कुठं घोंगडं पाऊस अंगावर घेतं. विणकरानं हातानंच वजन केलं.

"किती मेंढरांची?"

"दहा."

"मग पुढली कातरणी घिऊन या. यात अर्धंच घोंगडं हुईल."

परतीच्या गाडीत कंडक्टर पोत्याकडं बघत थांबला. काय आहे, म्हणाला. लोकर, मी म्हटलं. त्यानं पोतं एका हातानं उचलून पाहिलं आणि लगेजचं तिकीट न फाडताच पुढं गेला.