समुपदेशन फोनवर, पण बोलायचं कुठे?

मध्यंतरी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली. तक्रार डोकेदुखीची आणि झोप न लागण्याची. आईला बाहेर बसवल्यावर म्हणाली, "सर, मी ऑनलाइन समुपदेशन घेत होते. घरात सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून गच्चीवर टाकीमागे उभी राहून बोलायचे. एकदा शेजारच्या काकू कपडे वाळत घालायला आल्या, मी फोन कट केला. परत लावलाच नाही."

फोनवरून असे उपचार खरंच होतात का, असं पालक मला विचारतात. होतात. सौम्य किंवा मध्यम नैराश्यात, चिंतेत व्हिडिओवरच्या समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. माझ्या मते आपल्याकडे अडचण नेटवर्कची कमी आणि दाराच्या कडीची जास्त आहे. वयात आलेल्या मुलाने दार लावलं की आपण लगेच "आत काय चाललंय?" म्हणून विचारतो. हॉस्टेलवर तर एका खोलीत तिघं!

समुपदेशक सुरुवातीलाच "आत्ता तू कुठे आहेस, जवळचं कोण?" असं विचारतात. मुलं घाबरून खोटा पत्ता देतात. तसं करू नका. गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे. पण जिवाला धोका वाटला, तर मदत नेमकी कुठे पाठवायची हे त्यांना कळायला हवं. आत्महत्येचे विचार येत असतील तर मात्र पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. कुणाला तरी सोबत घेऊन सरळ रुग्णालय गाठा.

आणखी एक, फिजिशियन म्हणून. या मुलीची खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. हिमोग्लोबिन साडेआठ. थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं हे रक्त कमी असल्याने किंवा थायरॉइडमुळेही होतं आणि ते स्क्रीनवर दिसत नाही. म्हणून ऑनलाइन उपचार चालू असले तरी एकदा प्रत्यक्ष तपासून घ्या. तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, पण समुपदेशन थांबवू नकोस असंही सांगितलं. तिचं दुखणं काही सगळं रक्तातलं नव्हतं.

दुपारी दोन ते चार माझी तपासणीची खोली रिकामी असते. आतून कडी लागते, वायफाय आहे. गेले तीन गुरुवार ती तिथे बसून बोलते. आई बाहेर बाकावर मटार सोलत असते.