इंजिन नसलेली मोटार

मोटार वाहन कायदा १९८८, कलम २, पोटकलम २८. 'मोटार वाहन' म्हणजे काय याची व्याख्या तिथे दिली आहे आणि त्या व्याख्येत ट्रेलरही येतो. म्हणजे ज्याला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, जे आपणहून इंचभरही हलत नाही, ते कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन! पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही. कारण आम्ही तिघांनी आठ महिन्यांचे शनिवार-रविवार घालून कँपिंगचा ट्रेलर बनवलाय, आणि त्यावरून आमच्यात सध्या चांगलंच वाजलंय.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. जीपच्या मागे लावायची दोन चाकांची पेटी. आत दोघांपुरती झोपायची जागा, मागचं झाकण उघडलं की ओटा, वर ताडपत्रीचं छप्पर. कल्पना नवीन अजिबात नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने जीपमागे पाव टनाचे छोटे ट्रेलर ओढले, आणि तिकडचे हौशी लोक तर युद्धाच्या आधीपासूनच घरामागे बसून असल्या पेट्या ठोकत होते. आपल्याकडे जीप १९४७ पासून जोडली जातेय, पण मागची पेटी काही रुजली नाही.

आणि ही पेटी बनवायला मोशीइतकी सोयीची जागा मला तरी माहीत नाही. एका बाजूला भोसरी एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला चाकण. लेझर कटिंग, बेंडिंग, पावडर कोटिंग, सगळं अर्ध्या तासाच्या आत. हब, बेअरिंग, पाटे यांच्यासाठी शोधाशोध लागत नाही, कारण इथला निम्मा गाव याच मालावर जगतो. जुना माल हवा तर चिखली-कुदळवाडीचा भंगार बाजार होता. तो फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेच्या कारवाईत पाडला गेला, तेव्हा आता ती वाट बंद. पण नवीन घेणाऱ्याला काही अडचण नाही. आपण सॉफ्टवेअरवाले या पट्ट्यात फ्लॅट घेतो, हिंजवडीला जातो, परत येतो, आणि आपल्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे काय दर्जाचं काम चालतं याची गंधवार्ता नसते. आमची चासी ज्यांनी जोडली त्या वेल्डरकाकांनी माझ्या कॅड ड्रॉइंगकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "साहेब, हे ओढणार कोण? क्रेन?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि या सगळ्या उद्योगातला हाच खरा विषय आहे: वजन. हिशेब बघा. ४० बाय ४० चा चौकोनी पाइप २ मिलिमीटर जाडीचा घेतला तर मीटरला साधारण २.४ किलो भरतो. ३ मिलिमीटर घेतला तर साडेतीन. चासी आणि वरच्या सांगाड्याला तीस मीटर पाइप लागला तर "असू दे, मजबूत होईल" या एका वाक्याची किंमत ३३ किलो. १८ मिलिमीटरचा आठ बाय चारचा प्लाय एकटाच ३५ किलोच्या आसपास जातो, ९ चा त्याच्या निम्मा. पुढे पाण्याची टाकी: ६० लिटर म्हणजे ६० किलो, इथे वाटाघाटीला जागाच नाही. मग कुणीतरी म्हणतो फ्रिज घेऊ. फ्रिज आला की बॅटरी आली, बॅटरी आली की सोलर पॅनेल आलं, पॅनेल आलं की छपराला जादा आधार आला. ऑफिसात याला आपण स्कोप क्रीप म्हणतो. तिथे त्याने फार तर रिलीज लांबते. इथे घाटात ब्रेक लागत नाहीत.

वजन किती याच्याइतकंच ते कुठे हे महत्त्वाचं. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढे हुकावर पडला पाहिजे. ६०० किलोच्या ट्रेलरला ६० किलो धरा. आता ॲक्सलच्या बरोबर वर असलेलं ४० किलोचं सामान दीड मीटर मागे, ओट्याच्या कप्प्यात नेलं, आणि हूक ॲक्सलपासून अडीच मीटर पुढे आहे, तर हुकावरचा भार २४ किलोंनी कमी होतो. राहिले ३६, म्हणजे सहा टक्के. असा ट्रेलर वेग घेतला की शेपूट हलवायला लागतो, आणि एकदा हलायला लागला की पुढची गाडी त्याच्या मर्जीने चालते. म्हणून जड ते ॲक्सलवर आणि खाली, हलकं ते मागे. मागच्या बाजूला ग्रॅनाइटचा ओटा लावलेले व्हिडिओ पाहून हुरळून जाऊ नका.

आतली मांडणी कशी असावी हे बघायला परदेशी वेबसाइट्स धुंडाळायचीही फार गरज नाही. आळंदी आपल्या शेजारीच आहे. आषाढी वारीत पालखीमागच्या दिंड्यांचे ट्रक एकदा जवळून बघा. मुक्कामाला पोचल्यावर आधी जे लागतं ते फाळक्याजवळ: राहुट्या, पाण्याचं पिंप, शेगडी. शंभर-दोनशे माणसांचा संसार रोज उतरतो आणि रोज चढतो, पावसात, चिखलात. त्यात एकही सॉफ्ट-क्लोज ड्रॉवर नाही :) आम्ही ड्रॉवर काढून टाकले आणि प्लॅस्टिकचे क्रेट ठेवले. क्रेटला बिजागरी नसते, त्यामुळे खडखडाट नाही, आणि धूळ बसली तर नेऊन नळाखाली धुवायचा.

असो. आता भांडणाकडे. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, गाडी तयार आहे, पावसाळा तोंडावर आहे, माळशेजला जाऊन येऊ. कोण अडवतंय? उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या फिरतात त्यांना कोण अडवतं? हा युक्तिवाद तुम्हीही ऐकला असेल, ट्रेलर सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी. मला तो मान्य नाही, आणि पोलिसांच्या भीतीने नव्हे. ट्रेलर मोटार वाहन आहे म्हणजे कलम ३९ प्रमाणे नोंदणी हवी आणि कलम १४६ प्रमाणे तिसऱ्या माणसासाठीचा विमा हवा. नोंदणीशिवाय विमा कोण देणार? उद्या उतारावर पिन निसटून आमची सहाशे किलोची पेटी एखाद्या दुचाकीवर गेली तर त्या घरातल्या लोकांनी भरपाई कुणाकडे मागायची? माझ्या ईएमआयमधून? उसाची बिनदिव्याची ट्रॉली रात्री चाकण रस्त्यावर आपल्याला दिसत नाही तेव्हा आपण काय काय बोलतो, ते आठवा.

म्हणून सध्या आमचा ट्रेलर टेम्पोत चढून खेडजवळच्या एका मित्राच्या शेतावर जातो आणि तिथल्या बांधांवरून फिरतो. चाकं असलेली वस्तू भाड्याच्या टेम्पोत घालून न्यायची! टेम्पोवाला काही बोलत नाही, पण बघतो.

पण माझी तक्रार मित्रावर कमी आणि व्यवस्थेवर जास्त आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात फक्त बंगला बसवलेल्या बसगाड्या नाहीत, कँपर ट्रेलरचंही नाव आहे. म्हणजे सरकारला ही वस्तू हवी आहे. मात्र वाहन मंजुरीची सगळी यंत्रणा कारखानदार डोळ्यासमोर ठेवून उभी आहे: नमुना द्या, चाचण्या करा, मग त्यासारखे हजारो विका. एकच नग बनवणाऱ्याला त्या दारातून जाणं परवडत नाही. गंमत बघा, वाहनं तपासणारी सीआयआरटी भोसरीत आहे, एआरएआयचं केंद्र चाकणला आहे, एमएच-१४ चं आरटीओ तर मोशीतच. तपासायची अक्कल आणि अधिकार दोन्ही दहा-पंधरा किलोमीटरच्या आत.

बाहेर हा प्रश्न अनेक वर्षं साध्या पद्धतीने सोडवलेला आहे. ऑस्ट्रेलियात छोट्या ट्रेलरसाठी नियमांची एक पुस्तिका आहे. ७५० किलोपर्यंत एका ॲक्सलच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात, त्यापुढे २००० किलोपर्यंत किमान एका ॲक्सलला हवेत, त्याच्याही वर सगळ्या चाकांना, आणि ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारे. दिवे कुठे, साखळी कशी, सगळं लिहिलेलं. युरोपातही बिनब्रेकची मर्यादा ७५० किलोच आहे. आपल्याकडे घाट आहेत, तर मर्यादा ५०० ठेवा, माझी हरकत नाही. ब्रेक सक्तीचे करा, तेही चालेल. गाडीचा वेग कमी झाला की ट्रेलरच्याच धक्क्याने लागणारे यांत्रिक ब्रेक असतात, ते बनवायला भोसरीला अवघड नाही. एक दिवसाची तपासणी ठेवा: वजनकाट्यावर एकूण वजन, हुकावरचा भार, वेल्डिंग, दिवे, सुरक्षा साखळी. त्याचे रीतसर पैसे घ्या. पंचवीस हजार म्हणालात तरी आम्ही तिघं भरू, फ्रिज रद्द झाल्यामुळे तेवढे शिल्लक आहेतच.