यंत्र येईल तेव्हा येईल, तपासणीचं काय?

गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलात की एक करून बघा. धारोष्ण दुधाच्या काचेच्या ग्लासमागे मोबाईलचा टॉर्च लावा. अख्खा ग्लास उजळेल, पण त्यामागचं बोट दिसणार नाही. दुधातले स्निग्धांशाचे बारीक कण प्रकाशाला पावलोपावली वाट बदलायला लावतात. आपल्या शरीरातही तेच होतं. तळहाताला टॉर्च लावला की हात लालभडक दिसतो, हाडं दिसत नाहीत. आतली गाठ नुसत्या उजेडानं सापडत नाही ती यामुळेच.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा भारी आहे. उजेड सतत टाकायचा नाही; काही पिकोसेकंदांचा लेझर झोत सोडायचा. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. तेवढ्यात प्रकाश शरीरात जेमतेम मिलिमीटरचा पाचवा भाग चालतो. जवळपास सरळ आलेले किरण आधी पोहोचतात, भटकून आलेले मागून. पहिले आत घ्यायचे आणि दार बंद! दुसरी युक्तीही आहे. गाठीभोवतीचं रक्त झोत शोषून किंचित तापतं, त्यातून सूक्ष्म आवाज निघतो, तो सोनोग्राफीसारखा टिपायचा.

पण जाडी वाढली की सरळ येणारे किरण जवळजवळ संपतात आणि चित्र धूसर होतं. स्तनांच्या कॅन्सरसाठी यावर संशोधन चालू आहे. मॅमोग्राफीची जागा मात्र या तंत्रानं अजून घेतलेली नाही. त्यामुळे 'फक्त प्रकाशानं, वेदनेशिवाय कॅन्सर तपासणी' अशी जाहिरात दिसली, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि यंत्राची वाट बघत बसू नका. मुंबईत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून दीड लाखाहून जास्त महिलांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या महिलांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासणी केली. २०२१ मध्ये आलेला निष्कर्ष असा : पन्नाशीपुढच्या महिलांमध्ये स्तनांच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, हेही खरं. पण यासाठी ना लेझर लागला, ना कॅमेरा.

विज्ञान शिकणाऱ्यांनी प्रकाशाच्या मागे जरूर लागावं. बाकीच्यांनी आज घरी एवढंच विचारावं, "आई, तुझी तपासणी कधी झाली?" ती "मला काय झालंय?" म्हणेल. तरीही घेऊन जा.