नेपोत, नेपोतुल आणि तक्तेवाले

मुलगा क्लूजला स्थायिक झाला, सून तिथलीच. नातू माझ्याशी मराठीत दोन वाक्यं बोलतो आणि मग रोमानियनमध्ये सुटतो. व्याह्यांशी तर फक्त हसणं! म्हणून वयाच्या चौसष्टाव्या वर्षी रोमानियन शिकायला बसलो. पहिल्याच आठवड्यात ऑनलाइन शिकवणाऱ्या बाईंनी पुल्लिंगी नामाचा तक्ता पाठवला. प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया, संबोधन, एकवचन, अनेकवचन, निश्चित, अनिश्चित. "पाठ करा." शाळेतलं 'स-ला-ते' आठवून पोटात गोळा आला.

पण मी हट्टाने 'नेपोत' हा शब्द घेऊन बसलो. नेपोत म्हणजे नातू (आणि पुतण्या-भाचाही). गंमत म्हणजे लॅटिन 'नेपोस'चा हा वंशज आणि संस्कृत 'नप्तृ'वरून आलेला आपला 'नातू' मुळात एकाच घरचे. असो.

संबोधन बाजूला ठेवलं तर तक्त्यात सोळा घरं. त्यांत वेगळे शब्द किती? सहा! नेपोत, नेपोतुल, नेपोतुलुइ, नेपोत्स, नेपोत्सी, नेपोत्सिलोर. प्रथमा-द्वितीया सारख्याच, षष्ठी-चतुर्थी सारख्याच. बरं, या सहांतही नाम बदलतं ते फक्त अनेकवचनात, 'त'चा 'त्स' होतो तेवढंच. बाकी सगळी करामत शेपटाला चिकटलेल्या उपपदाची. 'एक नातू' म्हणजे 'उन नेपोत' आणि 'एका नातवाला' म्हणजे 'उनुइ नेपोत'. बदललं काय? 'उन'! नेपोत जागचा हललासुद्धा नाही.

मग याला 'नाम चालवणं' का म्हणायचं? चालतंय उपपद, घाम नामाला!

आपण मराठी माणसं तर याहून कठीण गोष्ट रोज न कळत करतो. नातू-नातवाला, घोडा-घोड्याला. आपलं पुल्लिंगी नाम प्रत्यय लागायच्या आधीच सामान्यरूपात वाकतं. रोमानियन पुल्लिंगी नाम वाकत नाही. तिथे वाकतं ते स्त्रीलिंगी. कासं म्हणजे घर, पण 'एका घराला' म्हणताना 'उनेय कासे', अगदी आपल्या शाळा-शाळेला सारखं. एवढं एक वाक्य मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर!

बाईंना हे लिहून कळवलं. उत्तर आलं, "परीक्षेत तक्ता विचारतात." मला कसली परीक्षा द्यायचीय? त्यांचं एक मात्र मान्य, संबोधन खरंच निराळं आहे आणि ते पाठच करावं लागतं.

तेही झालं. परवा कॉलवर नातवाला 'नेपोआते!' अशी हाक मारली. तो खो खो हसला, आत धावला आणि त्याच्या दुसऱ्या आजोबांना हाताला धरून घेऊन आला. आम्ही दोघं म्हातारे अकरा मिनिटं बोललो. माझ्या चुका मोजायला सूनबाई बसलीच होती, पण तिने आकडा सांगितला नाही.